बातमीत कोण बोलतं? माध्यम अभ्यासातला पदवीचा संशोधन प्रकल्प, विषयापासून व्हायवापर्यंत

'सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम' हे शीर्षक माध्यम विभागांत जमा होणाऱ्या विषयांच्या यादीत दरवर्षी असतं. पुढे 'विशेष संदर्भ : पुणे शहर' अशी शेपटी लागते. मग गुगल फॉर्म तयार होतो, वर्गाच्या आणि मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो, शंभरेक उत्तरं येतात, रंगीत पाय चार्ट निघतात आणि शेवटच्या प्रकरणात लिहिलं जातं की सोशल मीडियाचे फायदे आहेत तसेच तोटेही आहेत. यामागे विद्यार्थ्याचा आळस नसतो, उलट तो पुष्कळ राबलेला असतो. पण 'परिणाम' सिद्ध करायला जी मांडणी लागते ती फॉर्ममध्ये नसते, आणि फॉर्म भरणारे शंभर जण म्हणजे पुणे शहर नव्हे. ते विद्यार्थ्याच्या ओळखीचे शंभर जण असतात.

माझं ठाम मत असं की पदवीच्या पातळीवर प्रश्न इतका लहान घ्यावा की त्याचा सगळा पुरावा एका टेबलावर मावेल आणि तो तुम्ही स्वतः, एकेक करून, वाचलेला असेल. असा प्रकल्प तृतीय वर्षाच्या एका सत्रात खरोखर पुरा होतो आणि त्यातून नवं काही कळतं. मराठी माध्यमांत तर अशा कामाला भरपूर जागा आहे. जिल्हा आवृत्त्या, तालुक्याची साप्ताहिकं, चौकातले फ्लेक्स, ग्रामपंचायतींचे व्हॉट्सॲप ग्रुप, सामुदायिक रेडिओ यांच्याकडे बारकाईने बघणारे अभ्यास अजून थोडेच आहेत.

पुढे शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलं आहे: मार्च ते मे या काळात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली की वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्तीत बातम्या येतात, त्या बातम्यांत कोण बोलतं? शेतकरी, अधिकारी, पुढारी की हवामानतज्ज्ञ? तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या याच राहतील.

पहिली पायरी : प्रश्न लहान करणं

'अवकाळी पाऊस आणि माध्यमं' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यातून प्रश्न काढायचा तर चार गोष्टी ठरवाव्या लागतात: कुठलं माध्यम, कुठली जागा, कुठला काळ आणि नेमकं काय मोजायचं. मग वाक्य असं होतं: 'दोन मराठी दैनिकांच्या एका जिल्हा आवृत्तीत, एका वर्षीच्या मार्च ते मे या काळात आलेल्या अवकाळी पावसाच्या बातम्यांत कोणाकोणाची विधानं दिली आहेत आणि त्यांत शेतकऱ्यांचा वाटा किती?' हे वाक्य लांबलचक आहे, पण ते वाचल्यावर सोमवारी सकाळी ग्रंथालयात जाऊन काय करायचं हे कळतं. प्रश्न नीट झाल्याची हीच खूण.

लहान प्रश्नाने प्रकल्पही लहान ठरेल अशी भीती अनेकांना वाटते. माध्यमांच्या विषयपत्रिका-निश्चितीचा सिद्धान्त (अजेंडा सेटिंग : माध्यमं ज्या मुद्द्यांना जागा देतात ते लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात) तुम्ही द्वितीय वर्षात शिकलेला असतो. तो उभा राहिला अमेरिकेतल्या चॅपल हिल या एका गावातून. १९६८च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅककोंब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी, कोणाला मत द्यायचं हे न ठरलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे मुद्दे विचारले आणि त्याच काळातल्या माध्यमांतल्या मुद्द्यांशी ते ताडून पाहिले. अभ्यास १९७२ मध्ये छापून आला. एक गाव, शंभर माणसं, एक निवडणूक.

प्रश्न लिहिताना 'परिणाम', 'प्रभाव', 'भूमिका', 'महत्त्व' हे शब्द आले की थांबा. परिणाम दाखवायचा असेल तर तुलना लागते, आणि तुलनेची आखणी कशी असते याचा चांगला नमुना आपल्याच मातीत झाला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणी पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांत, १५० गावांत, शेतकऱ्यांची श्रवणमंडळं चालवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. मूल्यमापनाचं काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि त्याचे प्रमुख होते पॉल न्यूरथ. त्यांनी कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांना प्रश्न विचारून त्यांची माहिती किती वाढली ते पाहिलं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओच नाही अशी गावंही त्यांनी तुलनेला घेतली. त्यामुळे ज्ञान रेडिओमुळे वाढलं की मंडळातल्या चर्चेमुळे, हे वेगळं करता आलं. तुमच्या प्रकल्पात अशी तुलना बसत नसेल, आणि पदवीला ती सहसा बसत नाही, तर 'परिणाम' सोडा. 'काय आहे', 'किती आहे', 'कसं मांडलं आहे' हे प्रश्न पुरेसे आहेत.

दुसरी पायरी : आधीचं वाचन

इथे दोन आठवड्यांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या शोधगंगा या ऑनलाइन संग्रहात भारतभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध आहेत, मराठीतलेही आहेत. गुगल स्कॉलरवर इंग्रजीत शोधा, पण शोधगंगेवर मराठी शब्द वेगवेगळ्या प्रकारे टाकून पाहा: वृत्तपत्र, वर्तमानपत्र, दैनिक, नियतकालिक. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही बघा. जुन्या मराठी पीडीएफमध्ये आणखी एक अडचण असते. अनेक फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या किंवा नुसत्या स्कॅन केलेल्या असतात, त्यामुळे त्यांत शब्द शोधला तर 'सापडलं नाही' असं उत्तर येतं, जरी तो शब्द पानोपानी असला तरी. अशा वेळी अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनी वाचावं लागतं.

प्रत्येक अभ्यास वाचताना तीनच गोष्टी वहीत लिहा: प्रश्न काय होता, काय आणि किती तपासलं, काय सापडलं. आठ-दहा नोंदी झाल्या की तुमच्या प्रश्नाची जागा दिसायला लागते. एआयच्या साधनांना संदर्भ विचारले तर ती अस्तित्वात नसलेले लेखही खात्रीने सांगतात. म्हणून जो लेख तुम्ही स्वतः उघडून वाचलेला नाही तो ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे बांधून जमा करायच्या प्रकल्प अहवालात, येता कामा नये.

सिद्धान्ताचं प्रकरण बहुतेक ब्लॅक बुकांत सुटं पडलेलं असतं. आधी लासवेलचं १९४८चं सूत्र, मग दोन पायऱ्यांचा प्रवाह, मग वापर आणि समाधान, अशी संवादाच्या सिद्धान्तांची रांग असते, आणि पुढच्या प्रकरणांत यांतल्या कशाचाही उल्लेख नाही. एकच सिद्धान्त घ्या आणि तो कामाला लावा. आपल्या उदाहरणाला चौकटीकरणाचा (फ्रेमिंगचा), म्हणजे बातमी एखादी घटना कुठल्या बाजूने मांडते याचा, विचार बसतो. रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये मांडलं की बातमीची चौकट चार कामं करते: समस्या काय ते ठरवते, कारण सांगते, चूक-बरोबर ठरवते आणि उपाय सुचवते. गारपिटीच्या बातमीला हे लावून बघा. समस्या 'निसर्गाचा कोप' आहे की 'रखडलेला पीकविमा'? उपाय म्हणून पंचनामा मागितला आहे, कर्जमाफी मागितली आहे की काहीच नाही? बघा, सिद्धान्तातूनच मोजायच्या चार गोष्टी हाती आल्या.

तिसरी पायरी : साहित्य जमवणं

मार्च ते मे म्हणजे ९२ दिवस. दोन दैनिकं घेतली तर १८४ अंक. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण जिल्हा पानांपुरतं बघायचं तर एका अंकाला काही मिनिटं लागतात. तरी आधी एका आठवड्याचे अंक चाळून किती बातम्या सापडतात ते पाहा. फारच थोड्या असतील तर काळ वाढवा किंवा गारपीट जास्त झाली ते वर्ष निवडा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली होती, त्या काळाशी तुलना करायची असेल तर ग्रंथालयातल्या बांधीव फायलींकडे वळावं लागेल. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आणि कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीही जुनी ग्रंथालयं असतात. कुठल्या दैनिकाचे कुठल्या वर्षांचे अंक जपले आहेत हे फोन करून विचारा, मग महाविद्यालयाचं पत्र घेऊन जा. पत्राशिवाय हेलपाटा होण्याची शक्यता असते.

सगळेच अंक घ्यायचे की निवडक, हा प्रश्न व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास येतो. पहिल्या पानावरच्या बातम्यांत स्त्रियांची विधानं किती, असा रोजचा विषय असेल तर 'रचित आठवडा' घ्या. सहा महिन्यांतले सगळे सोमवार लिहून त्यांतला एक चिठ्ठीने काढायचा, मग एक मंगळवार, असं रविवारपर्यंत. रविवारची पुरवणी आणि सोमवारचा बारीक अंक यांचा तोल त्यामुळे आपोआप सांभाळला जातो. रिफ, ऑस्ट आणि लेसी यांनी १९९३ मध्ये तपासून दाखवलं की दैनिकाच्या सहा महिन्यांसाठी असा एक आठवडा आणि वर्षासाठी दोन आठवडे पुरतात. पण गारपीट वार बघून येत नाही. घटनेवर आधारलेल्या विषयात रचित आठवड्याने नेमके महत्त्वाचे दिवस निसटतात, म्हणून आपल्या उदाहरणात सगळे दिवस घ्यायचे.

ई-पेपरचे जुने अंक कधी काढून टाकले जातील याचा नेम नसतो. सापडलेली बातमी त्याच दिवशी जतन करा आणि फाइलच्या नावात तारीख, दैनिक, आवृत्ती, पान हे सगळं घाला. आवृत्ती विशेष महत्त्वाची, कारण एकाच दैनिकाच्या लातूर आणि सोलापूर आवृत्तीत त्याच दिवशी वेगळ्या बातम्या असतात. अभ्यासासाठी कात्रण ठेवायला कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही, पण आख्खी पानं इंटरनेटवर टाकू नका.

जिल्ह्यात प्रत्यक्ष किती गावांत नुकसानीचे पंचनामे झाले याचा आकडा जोडला तर प्रकल्पाला वजन येतं. तहसील कार्यालयात माहिती अधिकाराखाली अर्ज करा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणजे हा अर्ज पहिल्याच आठवड्यात गेला पाहिजे.

चौथी पायरी : कोडबुक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आशय विश्लेषणात, म्हणजे मजकूर ठरावीक नियमांनी वाचून मोजण्याच्या पद्धतीत, तुम्ही जे सापडलं म्हणून सांगणार आहात ते सगळं कोडबुकावर उभं असतं, आणि पदवीच्या प्रकल्पांत नेमकं तेच अर्ध्या पानात उरकलेलं दिसतं.

कोडबुक म्हणजे प्रत्येक गोष्ट कशी मोजायची याचे लेखी नियम. ते असे हवेत की तुमच्या वर्गातली दुसरी कुणी मुलगी, तुम्हाला एकही प्रश्न न विचारता, तीच बातमी वाचून तीच नोंद करेल.

आधी मोजायचं एकक ठरवा. आपल्याकडे दोन एककं आहेत: बातमी आणि बातमीतला स्रोत. एक्सेलमध्ये बातम्यांचा एक तक्ता आणि स्रोतांचा दुसरा तक्ता करा, दोन्हींत बातमी क्रमांक सारखा ठेवा. बातमीच्या तक्त्यात तारीख, दैनिक, पान, अंदाजे शब्दसंख्या, बातमी कोणाच्या नावाने (वार्ताहर, प्रतिनिधी, वृत्तसंस्था), फोटो आहे का, आणि एंटमन यांच्या चौकटीतले चार रकाने. स्रोतांच्या तक्त्यात प्रत्येक स्रोताला एक ओळ.

आता स्रोत म्हणजे काय? 'बातमीत ज्याच्या नावावर विधान, मत किंवा माहिती दिली आहे अशी व्यक्ती, संस्था किंवा गट' ही व्याख्या चालेल. ती घेऊन दहा बातम्या वाचा, अडचणी रांगेत उभ्या राहतील.

'शेतकरी हवालदिल' असं शीर्षक आहे. इथे शेतकरी बोलतोय का? नाही. बातमी त्याच्याविषयी आहे, विधान त्याचं नाही. स्रोत म्हणून नोंद नको. पण 'तातडीने पंचनामे करावेत, अशी मागणी शेतकऱ्यांतून होत आहे' हे वाक्य? यात मागणी गटाच्या नावावर आहे, माणूस मात्र एकही नाही. यासाठी 'अनामिक शेतकरी गट' असा वेगळा कोड करा. तो 'शेतकरी, नावासह' यात मिसळला तर तुमच्या अभ्यासातली सगळ्यात बोलकी गोष्ट हरवेल. शेतकऱ्याला नावाने बोलू देणं आणि शेतकऱ्यांच्या वतीने बातमीदाराने बोलणं यांत किती अंतर आहे, हे तुमच्या तक्त्यातून पहिल्यांदा आकड्यांत दिसणार आहे.

सरपंच स्वतः शेतकरी असतात. शेतकरी संघटनेचे तालुकाध्यक्ष शेतकरीही असतात आणि पुढारीही. नियम करा: बातमीत ज्या ओळखीने माणूस आणला आहे तोच कोड. 'सरपंच' म्हटलं असेल तर लोकप्रतिनिधी, 'नुकसानग्रस्त शेतकरी' म्हटलं असेल तर शेतकरी, दोन्ही म्हटलं असेल तर आधी आलेली ओळख. नियम कुठलाही चालतो, तो लिहिलेला आणि शेवटपर्यंत पाळलेला हवा.

पदनामांचंही बघा. २०२४ मध्ये तलाठ्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आणि ग्रामसेवकांचं ग्रामपंचायत अधिकारी. बातम्यांत मात्र जुनी नावं अजून येतात. कोडबुकात दोन्ही नावं एकाच कोडखाली लिहून ठेवा, विशेषतः दोन वर्षांची तुलना असेल तर.

स्रोत स्त्री की पुरुष, हे मराठीत बऱ्याचदा क्रियापदावरून कळतं: 'म्हणाले', 'म्हणाल्या'. 'यांनी सांगितले' असलं की कळत नाही, मग नावावरून ठरवायचं आणि तरीही शंका राहिली तर 'अस्पष्ट'. अंदाजाने भरू नका. 'अस्पष्ट' आणि 'इतर' हे रकाने प्रत्येक ठिकाणी हवेत, पण 'इतर'मध्ये दहा टक्क्यांहून जास्त नोंदी जायला लागल्या तर तुमचे प्रकार अपुरे आहेत असं समजा.

शेवटचा रकाना जागेचा: विधान शीर्षकात आहे, इंट्रोत (बातमीच्या पहिल्या परिच्छेदात) आहे, मधल्या मजकुरात आहे, वेगळ्या छापलेल्या चौकटीत (बॉक्समध्ये) आहे की फोटोओळीत. पालकमंत्री इंट्रोत आणि शेतकरी फोटोओळीत, असं चित्र निघालं तर तो निष्कर्ष आहे. उलटं निघालं तरी निष्कर्षच.

पाचवी पायरी : दुसऱ्याकडून तपासून घेणं

वर्गातल्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला कोडबुक द्या आणि एकूण बातम्यांपैकी दहा टक्के तरी तिच्याकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्या. बदल्यात तुम्ही तिच्या प्रकल्पाचं काम करा. पदवीच्या पातळीवर हे फारसं कुणी करत नाही, आणि ज्याने केलं त्याचा प्रकल्प परीक्षकांच्या ताबडतोब लक्षात येतो.

नुसती जुळणीची टक्केवारी फसवी असते. समजा ६० स्रोतांवर तुम्ही दोघींनी 'नाव दिलं आहे की नाही' हे नोंदवलं. तुम्ही ४० ठिकाणी 'आहे' म्हटलं, तिने ४३ ठिकाणी. ५१ ठिकाणी दोघींची नोंद सारखी आली, म्हणजे ८५ टक्के. छान वाटतं. पण न वाचता, आपापल्या प्रमाणात नुसतं ठोकून दिलं असतं तरी काही नोंदी जुळल्याच असत्या. त्या किती? ४०/६० गुणिले ४३/६०, अधिक २०/६० गुणिले १७/६०, म्हणजे ०.५७. आता प्रत्यक्ष जुळणीतून ही योगायोगाची जुळणी वजा करा: ०.८५ वजा ०.५७ म्हणजे ०.२८. त्याला १ वजा ०.५७, म्हणजे ०.४३ ने भागा. उत्तर ०.६५. हा कोहेनचा कापा (kappa), म्हणजे योगायोग वगळून मोजलेली जुळणी. सहसा ०.८ च्या पुढे असेल तर निर्धास्त राहतात आणि ०.६७ च्या खाली असेल तर नियम पुन्हा लिहितात. म्हणजे ८५ टक्के जुळूनही इथे काम बाकी आहे. न जुळलेल्या ९ नोंदी दोघी मिळून वाचा, नियमातली फट शोधा, नियम सुधारा आणि नव्या बातम्यांवर पुन्हा तपासा. मग उरलेलं सगळं कोडिंग करा. आधी कोडिंग संपवून नंतर तपासणी केली तर सगळं पुन्हा करावं लागतं.

सहावी पायरी : चार-पाच मुलाखती

'किती' कळलं तरी 'असं का' हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी तालुक्याच्या चार-पाच बातमीदारांशी बोला. 'तुम्ही शेतकऱ्यांना का विचारत नाही?' असा प्रश्न टाकलात तर समोरचा बचावाच्या पवित्र्यात जाईल. त्याऐवजी विचारा: 'परवा गारपीट झाली तेव्हा पहिला फोन कुणाला केलात? मग कुणाला? बातमी किती वाजता पाठवायची होती? गावात जायला मिळालं का?' एका ठरावीक बातमीचं कात्रण समोर ठेवून तिचा प्रवास ऐकून घ्या. तालुक्याच्या बातमीदाराला अनेक ठिकाणी जाहिरातीही आणाव्या लागतात, पेट्रोलचा खर्च स्वतः करावा लागतो. तो तहसीलदारांच्या एका फोनवर बातमी का करतो याची कारणं त्याच्या दिवसाच्या हिशोबात सापडतात, आणि ती आदराने ऐकून घेतली पाहिजेत.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या आणि ती रेकॉर्डिंगमध्येही येऊ द्या. एका तासाच्या बोलण्याचा मजकूर उतरवायला चार ते सहा तास लागतात, तेवढे वेळापत्रकात धरा. बोलणाऱ्याची भाषा बदलू नका. तो 'म्या फोन लावला' म्हणाला असेल तर तसंच उतरवा.

वृत्तपत्राऐवजी रेडिओ घ्यायचा असेल तर सातारा जिल्ह्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी ही सामुदायिक केंद्रं आहेत. भारतात अशी केंद्रं चालवायची परवानगी आधी शिक्षणसंस्थांना मिळाली आणि २००६च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही. कार्यक्रमात कोण बोलतं, कुठल्या बोलीत बोलतं, श्रोत्यांचे फोन कशाविषयी येतात, या प्रश्नांना वरचंच कोडबुक थोड्या बदलाने लागू होतं.

माणसांची जपणूक

मुलाखतीपूर्वी संमतीपत्रावर चार ओळी पुरतात: अभ्यास कशाचा, बोलणं कुठे वापरणार, नाव येणार की नाही, आणि मध्येच थांबायचा हक्क. १८ वर्षांखालच्या मुलांशी बोलायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी हवीच. नाव बदललं की काम झालं असं समजू नका. 'तालुक्यातली एकमेव महिला वार्ताहर' असं लिहिलं तर नाव नसूनही सगळ्यांना ती कळते, आणि तिने संपादकांविषयी काही बोललेलं असेल तर तिचं काम जाऊ शकतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभ्यास करणार असाल तर ॲडमिनची परवानगी घ्या, ग्रुपवर तसं जाहीर करा आणि स्क्रीनशॉटमधले नंबर, डीपी झाका. गप्प बसून नोंदी घेणं हा विश्वासघात आहे, मग परीक्षकांना तो कळो वा न कळो.

आकडे मांडताना

एक्सेलची पिव्हट टेबलं पुरतात. आधी साधे आकडे, मग दोन गोष्टींचा छेद: स्रोताचा प्रकार आणि विधानाची जागा, स्रोताचा प्रकार आणि नाव आहे-नाही. स्त्री स्रोत एकूण १४ आणि त्यांतल्या ९ शेतकरी असतील तर '६४.२९ टक्के' लिहू नका, '१४ पैकी ९' लिहा. इतक्या लहान संख्येवर दशांशाची अचूकता वाचणाऱ्याची दिशाभूल करते. काय-वर्ग (chi-square) चाचणी, म्हणजे दोन गोष्टींतला संबंध योगायोगाचा आहे का हे पाहणारी चाचणी, लावायची असेल तर तक्त्याच्या प्रत्येक घरातली अपेक्षित संख्या किमान ५ आहे का ते तपासा, नसेल तर घरं एकत्र करा किंवा चाचणी सोडून द्या. आणि जे निघालं ते दोन दैनिकांच्या एका आवृत्तीविषयी आहे. 'मराठी माध्यमं शेतकऱ्यांना डावलतात' असं वाक्य त्यातून निघत नाही.

ब्लॅक बुक

लिहायला बसाल तेव्हा पद्धतीचं प्रकरण पहिलं लिहा, काम ताजं असतानाच. मग निष्कर्ष, मग आधीच्या अभ्यासांचा आढावा, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेत १८३२च्या 'दर्पण'पासून सुरुवात करायची प्रथा पडली आहे. बाळशास्त्री जांभेकरांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगावंसं वाटतं की अवकाळी पावसाच्या बातम्यांना त्या इतिहासाची गरज नाही. तुमच्या जिल्ह्यात त्या तीन महिन्यांत काय घडलं यापासून सुरू करा.

वृत्तपत्राचा संदर्भ देताना दैनिक, आवृत्ती, तारीख, पान हे चारही लिहा. पूर्ण कोडबुक परिशिष्टात द्या. नक्कल तपासणीचा अहवाल मागितला जाईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण दुसऱ्याचं वाक्य शब्द फिरवून घेतलं तर ते सॉफ्टवेअरला कळलं नाही तरी परीक्षकाला कळतं. प्रकल्प मराठीतून लिहिण्याची मुभा असेल तर जरूर मराठीतून लिहा. कात्रणांतली वाक्यं जशीच्या तशी उद्धृत करता येतात आणि भाषांतरात त्यांचा सूर बिघडत नाही.

चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्यांना चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा प्रकल्प असतो आणि त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तृतीय वर्षात एका जिल्ह्यावर असं काम केलेलं असेल तर चौथ्या वर्षी दुसरा जिल्हा किंवा दुसरं वर्ष जोडून खरी तुलना उभी करता येते.

व्हायवा आणि त्यानंतर

व्हायवात हे प्रश्न येणारच: हीच दोन दैनिकं का? हाच जिल्हा का? स्रोत कशाला म्हटलं? कापा किती आला? तुमच्या अभ्यासातून काय सांगता येत नाही? शेवटच्या प्रश्नाला विद्यार्थी घाबरतात, पण खरा अभ्यास केलेल्याला त्याचं उत्तर सगळ्यात चांगलं देता येतं. 'बातमीदार शेतकऱ्याशी बोलला असेल पण त्याचं विधान उपसंपादकाने कापलं असेल, हे मला छापील पानावरून कळत नाही' असं शांतपणे सांगा.

ज्या बातमीदारांनी वेळ दिला त्यांना दोन पानांचा सारांश छापून द्या. आणि कोडबुक, दोन्ही तक्ते, कात्रणांची यादी विभागाच्या ग्रंथालयात जमा करा, मुलाखत दिलेल्यांची ओळख पटेल असं काही त्यात राहिलं नाही याची खात्री करून. पुढच्या वर्षीच्या बॅचमधल्या कुणाला तेच कोडबुक घेऊन बीडवर किंवा नाशिकवर काम करता येईल, आणि तिसऱ्या वर्षी तीन जिल्ह्यांचे आकडे शेजारी ठेवता येतील.